पावसातच बंद पडणारी एमजीबी

तक्रार तीन शब्दांची होती: "रात्री बंद पडते." यातला पहिलाच शब्द चुकीचा होता, हे कळायला दीड महिना गेला. जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये हात घालणाऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून हे प्रकरण जसं घडलं तसं, माझ्या चुकांसकट, लिहून ठेवतो.

गाडी १९७० ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे दोघांपुरती उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. गडद हिरवा रंग, काळं घडीचं छत, सीटच्या मागे लपवलेल्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. मालक इंग्लंडमधल्या डर्बीत राहणारे एक निवृत्त मराठी डॉक्टर. सत्तरच्या दशकात मिरजेहून इकडे आले, सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत झाली, आणि तरुणपणी जी गाडी नुसती बघायला परवडायची ती निवृत्तीनंतर घेतली. आठवड्यातून एकदा डॉक्टर आणि काकू ए-६ रस्त्याने मॅटलॉकवरून बेकवेलला जातात, चहा घेतात आणि परत येतात. जाऊन-येऊन पन्नासेक मैल.

ऑक्टोबरात डॉक्टरांचा फोन आला. "अरे, तू वायरिंगमधला माणूस ना? मग ये आणि बघ एकदा. इथले सगळे हात टेकून बसलेत."

"डॉक्टर, मी रेल्वेच्या सिग्नलचा माणूस."

"मग सिग्नलला काय रॉकेल लागतं?"

गेलो.

बॉनेट उघडलं आणि जीव थाऱ्यावर आला, कारण इंजिन ओळखीचं निघालं. माझी शाळेच्या सुट्टीतली वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मिस्त्रींच्या हाताखाली गेली. तिथे दिवसाआड एखादी अॅम्बेसेडर यायची. अॅम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसीचं इंजिन आणि या एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिज घराण्यातली. हिच्या डोक्यावर दोन एसयू कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे) असतात, रुबाब वेगळा असतो, पण नाकडोळे तेच.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांहून जास्त बनल्या. त्यामुळे सुटे भाग अजून सहज मिळतात. एरवी ही चैनच, पण या प्रकरणात तीच अडचण ठरली. भाग स्वस्त आणि हाताशी असला की माणूस विचार करायच्या आधी बदलून मोकळा होतो.

डॉक्टरांनी फाइल पुढे ठेवली. सवय डॉक्टरांची, त्यामुळे गाडीचा केसपेपर चोख. लक्षणं अशी: गाडी अर्धा-पाऊण तास छान चालते. मग एखाद्या चढावर किंवा सिग्नलला इंजिन एकदोनदा अडखळतं आणि मरतं. स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही. दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. घरी येईपर्यंत पुन्हा बंद पडेल की नाही, सांगता येत नाही.

उपचारांचं पानही होतं. रात्री बंद पडते म्हणजे हेडलाइटचा भार झेपत नसणार, असं म्हणून एका गॅरेजने अल्टर्नेटर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणारं यंत्र, बदललं. त्यानंतर दोन्ही बॅटऱ्या. मग गरम झाल्यावर कॉइल (इंजिनातल्या ठिणगीसाठी मोठं व्होल्टेज बनवणारी) दगा देते असा निष्कर्ष निघाला आणि नवी कॉइल आली. शेवटी मागच्या चाकाजवळचा पेट्रोलचा विजेचा पंप बदलला. प्रत्येक वेळी गाडी दोन-तीन आठवडे नीट चालली आणि परत बंद पडली. खर्च सहाशे पौंडांच्या पुढे गेलेला. शेवटच्या बिलावर तपासणीची नोंद होती: 'कॉइलवर १२.४ व्होल्ट, ठीक.' ही नोंद लक्षात ठेवा, तिच्यावर पुढे बोलायचंय.

या गाडीचं वायरिंग रंगांवरून वाचतात. तपकिरी वायर म्हणजे बॅटरीकडून सरळ आलेली, मध्ये किल्ली नाही की फ्यूज नाही. जांभळी म्हणजे तीच वीज फ्यूजमधून आलेली. तिच्यावर हॉर्न आणि आतला दिवा. पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत होते, आणि तिलाही फ्यूज नाही. कॉइल आणि पेट्रोलचा पंप हिच्यावर. हिरवी म्हणजे ही पांढरीच फ्यूज ओलांडून पुढे गेलेली: वायपर, हीटरचा पंखा, इंडिकेटर, ब्रेकचे दिवे, पेट्रोलचा काटा. काळी म्हणजे अर्थ, गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जायची विजेची वाट. हेडलाइट मात्र तपकिरीवरून थेट दिव्यांच्या स्विचला जातात, किल्लीशी त्यांचा संबंध नाही. (नंतरच्या मॉडेलांत हे बदललं. म्हणून वायरिंगचा नकाशा नेहमी आपल्याच वर्षाचा घ्यावा.)

हे सगळं मला पहिल्या शनिवारीही माहीत होतं. तरी मी चुकलो.

मिस्त्रींचं एक वाक्य डोक्यात पक्कं बसलेलं: "आधी अर्थिंग बघ, मग आरडाओरड कर." वाक्य खरं आहे. जुन्या गाडीच्या निम्म्या भानगडी अर्थच्या असतात, कारण पत्रा गंजतो, रंग चढतो, स्क्रू ढिला होतो. इंजिन रबरावर बसलेलं असतं. त्याच्यापासून चासीपर्यंतची जाड पट्टी तुटली तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट चोकच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून परतीची वाट काढतो. अशी लालबुंद झालेली चोकची केबल मी उद्यमनगरात डोळ्यांनी पाहिलेली आहे. तेव्हा पहिला अख्खा शनिवार मी गाडीचे अर्थ घासण्यात घालवला.

आणि एक दोष सापडलाही. ब्रेक दाबला की मागचा उजवा इंडिकेटर मिणमिणायचा. हे अर्थ गेल्याचं ठळक लक्षण. दिव्याच्या घरातून परत जायची वाट बंद झाली की करंट शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटा शिरून वाट शोधतो, आणि नको तो दिवा लागतो. डिकीतला गंजलेला स्क्रू काढला, पत्रा चकचकीत केला, नवा वॉशर घातला. मिणमिणणं थांबलं. पंपाचा अर्थही तिथेच होता, तोही साफ केला. "सापडलं," असं मी जाहीर केलं आणि काकूंनी त्या आनंदात मिसळ केली.

पुढच्या रविवारी गाडी क्रॉमफर्डच्या चढावर बंद पडली.

दोष सापडला म्हणजे तोच दोष सापडला असं नसतं. पन्नास वर्षं जुन्या गाडीत कुठेही खरवडलं तरी काहीतरी निघतंच. त्या दिव्याच्या अर्थचा इंजिन मरण्याशी काडीचा संबंध नव्हता, हे मला नकाशा समोर धरून दोन मिनिटांत कळायला हवं होतं.

दुसऱ्या खेपेला मी हत्यारांची पेटी गाडीतच ठेवली आणि आधी चहा मागितला. डॉक्टरांना म्हणालो, "आता केस हिस्टरी पहिल्यापासून घेऊ या. बंद पडते तेव्हा हेडलाइट मंद होतात का?"

"नाही. उलट, गाडी मेल्यावर मी हेडलाइट लावूनच ठेवतो, मागून कुणी ठोकू नये म्हणून. झकास असतात."

म्हणजे बॅटरी, तिच्या तारा आणि तपकिरी वायर, सगळं शाबूत. अल्टर्नेटर आणि बॅटऱ्या बदलायची गरजच नव्हती. हा एक प्रश्न विचारला असता तर तीनशे पौंड वाचले असते.

"आणि टॅकोमीटरचा, इंजिनाचे फेरे दाखवणारा, काटा?"

"तो तर इंजिन थांबायच्या आधीच धपकन खाली येतो."

इंजिन नुसतं पेट्रोलअभावी मरत असेल तर काटा इंजिनाबरोबर सावकाश उतरतो. इंजिन फिरत असताना काटा शून्यावर आदळला म्हणजे कॉइलचा करंटच तुटला. या सालच्या गाडीत कॉइलकडे जाणारी पांढरी वायर टॅकोमीटरच्या मागून वळसा घेऊन जाते आणि तिच्यातल्या करंटच्या ठोक्यांवरच तो काटा चालतो. कॉइल तर नुकतीच बदललेली, तेव्हा दोष कॉइलच्या अलीकडे कुठेतरी असावा.

"चार्जिंगचा लाल दिवा लागतो का, इंजिन मरताना?"

डॉक्टर घुटमळले. "लागतो. म्हणजे, लागतो आणि जातो."

"जातो म्हणजे?"

काकू आतून म्हणाल्या, "चमकतो आणि विझतो. मी शेजारी बसलेली असते, मला दिसतो ना. आणि ते पंपाचं टिकटिकही मग ऐकू येत नाही. यांना ते एरवीही ऐकू येत नाही म्हणा."

इथे माझा चहा थंड झाला. किल्ली चालू असताना एखादं धडधाकट इंजिन बंद पडलं, तर लाल दिवा लागतो आणि लागूनच राहतो. हा दिवा दोन टोकांच्या मध्ये बसलेला आहे. एका टोकाला पांढरी वायर, म्हणजे किल्लीकडून येणारी वीज. दुसऱ्या टोकाला अल्टर्नेटर. दोन्हीकडे सारखं व्होल्टेज असलं की दिवा विझलेला. एरवी गाडी थांबते तेव्हा अल्टर्नेटरचं टोक शून्यावर येतं, पांढरीचं तसंच राहतं, म्हणून दिवा लागतो. इथे उलटं घडत होतं. आधी पांढरी शून्यावर यायची. इंजिन अजून फिरत असल्याने अल्टर्नेटर चौदा व्होल्ट देत असायचा, म्हणून दिवा उलट्या बाजूने क्षणभर पेटायचा. इंजिन थांबलं की दोन्ही टोकं मेलेली, म्हणून दिवा गप्प. लाल दिव्याची ती चमक आणि तो काळोख, दोन्ही मिळून एकच सांगत होते: किल्लीच्या नंतरची पांढरी वायर कुठेतरी तुटतेय आणि आपोआप जुळतेय. पंप आणि कॉइल एकाच वेळी मरायचं कारणही तेच.

राहिला प्रश्न, रात्रीच का? हेडलाइट जर पांढरीवर नाहीत, तर रात्रीचा पांढरीशी काय संबंध?

उत्तर काकूंच्या वहीत होतं. काकू प्रत्येक सहलीची नोंद ठेवतात: कुठे थांबलो, काय खाल्लं, स्कोन ताजे होते की शिळे, आणि हवा. गाडी बंद पडलेल्या चार तारखा डॉक्टरांच्या फाइलमधून घेतल्या आणि वहीत शोधल्या. चारही दिवशी पाऊस. त्यांतली एक जुलैतली, दुपारी चार वाजताची. जुलैत इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. हेडलाइट लावायचं कारणच नाही. उलट सप्टेंबरातल्या एका कोरड्या रात्री दोघं बक्स्टनहून हेडलाइट लावून परत आले होते, तेव्हा गाडीने हूं की चूं केलं नव्हतं.

पावसात माणूस काय काय लावतो? वायपर. काच धुरकटते म्हणून हीटरचा पंखा. ओल्या रस्त्यावर ब्रेकवर पाय जास्त वेळ. ही सगळी मंडळी हिरव्या वायरवर बसतात आणि हिरवी पांढरीतून निघते. हेडलाइटचा भार कितीही असो, तो या वाटेने येतच नाही. पावसाचा येतो.

आता मोजायचं. इथे आधीच्या गॅरेजची '१२.४ व्होल्ट, ठीक' ही नोंद कामाला येते, म्हणजे कसं मोजू नये ते दाखवायला. त्यांनी इंजिन बंद असताना, वायपर-पंखा काही न लावता कॉइलवर मीटर धरला होता. त्यात डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडे असतील तर कॉइलमधूनही करंट वाहत नाही. करंटच नसेल तर वायरीतला केसाएवढा एक धागा जोडलेला राहिला असला तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. म्हणून आमचे मिस्त्री मीटरला हात लावायचे नाहीत. त्यांच्याकडे २१ वॅटचा बल्ब, दोन तारा आणि दोन चिमटे असायचे. तो टेस्ट लॅम्प स्वतःच पावणेदोन अँपिअर ओढतो. वायर आतून कुजलेली असेल तर बल्ब मिणमिणून चुगली करतो.

मीटरने करायचं तर भार चालू ठेवून व्होल्टेज कुठे गळतंय ते मोजायचं. एमजीबीत ही सोय मुळातच आहे. उजव्या चाकाच्या वर, इंजिनच्या बाजूला फ्यूज बॉक्स असतो, आणि त्यावर तपकिरी आणि पांढरी वायर एकमेकींच्या जवळ येऊन बसतात. तपकिरी किल्लीच्या अलीकडची, पांढरी किल्लीच्या पलीकडची. मीटरची एक टोकणी (टेकवायचं टोक) या टर्मिनलवर, दुसरी त्या टर्मिनलवर. मध्ये येणारा आकडा म्हणजे किल्लीचा स्विच आणि त्याच्या दोन्हीकडचे सांधे यांनी मिळून खाल्लेलं व्होल्टेज. सगळं ठीक असेल तर पूर्ण भारावरही अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवं.

इंजिन चालू केलं. आकडा ०.६. हीटरचा पंखा लावला, १.३. काकूंनी झारीने काचेवर पाणी घातलं (कोरड्या काचेवर वायपर चालवू नयेत) आणि वायपर लावले, १.८. ब्रेकच्या पेडलवर झाडूचा दांडा टेकवून तो सीटला अडकवला, मागचे दोन्ही दिवे लागले, आकडा २.३.

हिशेब ढोबळच करू. कॉइल आणि पंप मिळून चारेक अँपिअर, पंखा चार, वायपर तीन, ब्रेकचे २१ वॅटचे दोन दिवे साडेतीन. एकूण साडेचौदा. २.३ व्होल्टला साडेचौदाने भागलं की ०.१६ ओहम येतात. ओहम मोजायच्या साध्या मीटरवर ०.१६ दिसतही नाही, टोकण्यांच्या वायरीच तेवढं दाखवतात. पण साडेचौदा अँपिअर जेव्हा त्यातून जातो तेव्हा तिथे तेहतीस वॅट उष्णता तयार होते. माझं घरचं सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचं आहे. म्हणजे पाऊस लागला की डॉक्टरांच्या डॅशबोर्डमागे कुणीतरी माझ्या आयर्नपेक्षा तापट आयर्न चालू करून ठेवत होतं.

तसंच चालू ठेवून वाट बघत बसलो. बावीस मिनिटं झाली तेव्हा आकडा ३ च्या वर चढलेला, आणि हिरवी वायर भुकेली असल्यामुळे वायपर म्हाताऱ्यासारखे फिरत होते. मग इंजिन अडखळलं, लाल दिवा चमकला, विझला, सगळं शांत. फक्त नाकाला तापलेल्या प्लास्टिकचा वास. दीड महिन्यात पहिल्यांदा गाडी माझ्यासमोर, कोरड्या अंगणात बंद पडली होती. डॉक्टर दारात उभे होते. एवढ्या आनंदाने कुणी बंद गाडीकडे बघताना मी पाहिलेलं नाही.

डॅशखाली आडवा झालो. प्रथमदर्शनी आरोपी किल्लीचा स्विचच वाटतो, आणि नवा स्विच मागवायचा मोह झालाही. पण गाडी थंड झाल्यावर परत चालू केली, भार लावला आणि स्विचच्या पाठीवरच तपकिरी ते पांढरी मोजलं: ०.१५. स्विच निर्दोष. उरलेले दोन व्होल्ट स्विच आणि फ्यूज बॉक्स यांच्यामधल्या पांढऱ्या वायरीत कुठेतरी जात होते. हाताने वायर चाचपत गेलो. स्टीअरिंगच्या खांबाच्या वर, हीटरच्या बाजूला, काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेली अंड्याएवढी एक गाठ होती. तिला बोट लावलं आणि झटक्यात काढून घेतलं. फोड आला नाही, पण लाल डाग दोन दिवस होता.

ही गाठ मी पहिल्या शनिवारी पाहिली होती. तिच्यातून दोन्ही बाजूंना काळ्या वायरी निघत होत्या. काळी म्हणजे अर्थ, अर्थ मी डिकीत आणि इंजिनपाशी तपासलेच आहेत, म्हणून मी तिला वळसा घालून पुढे गेलो होतो.

पट्टी सोडवली. आत मूळ पांढरी वायर कापलेली, आणि तिच्या दोन्ही टोकांना कुणीतरी काळ्या वायरीचे तुकडे जोडलेले. त्या काळ्यांची पलीकडची टोकं पिळून एका निळ्या क्रिम्पमध्ये, म्हणजे वायरी दाबून जोडायच्या नळीत, दाबलेली. क्रिम्प या जाडीच्या वायरीला लहान, म्हणून निम्मे धागे बाहेर कापून टाकलेले. आतल्या धाग्यांवर काळपट हिरवा गंज. निळं प्लास्टिक तपकिरी होऊन एका बाजूने पाघळलेलं. तापलं की क्रिम्पची पकड सैल व्हायची आणि संपर्क तुटायचा, दहा मिनिटांत निवलं की परत चिकटायचा.

काळ्या वायरी तिथे का होत्या, हे डॉक्टरांच्या जुन्या कागदपत्रांत सापडलं. नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये गाडीचोरी फार बोकाळली होती, आणि विमा कंपन्या इमोबिलायझर (चोराला इंजिन सुरू करू न देणारं यंत्र) बसवा म्हणून मागे लागायच्या. ऑक्टोबर १९९८ पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचाच झाला. जुन्या गाड्यांत तो नंतर बसवायचा तर इग्निशनची पांढरी वायर कापून मध्ये रिले (विजेवर चालणारा स्विच) घालत. आणि चोराला कुठली वायर कशाची ते कळू नये म्हणून या यंत्रांच्या सगळ्या वायरी मुद्दाम एकाच रंगाच्या, काळ्या ठेवत. चोरांना फसवण्यासाठी केलेल्या युक्तीने पंचवीस-तीस वर्षांनी मला फसवलं. आधीच्या कुठल्यातरी मालकाच्या काळात इमोबिलायझरचा रिमोट मेला असावा; कुणीतरी पेटी काढून टाकली आणि दोन टोकं पिळून पट्टी मारली. कुणी, ते कागदात नाही.

ब्रिटिश गाड्यांच्या विजेची थट्टा फार होते. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास यांनी दिव्यांपासून सुरू केलेल्या कंपनीला गाडीवेडे 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात. लुकासच्या स्विचला तीन जागा, मंद, लुकलुक आणि बंद, असा विनोद आहे. मला हे विनोद आवडतात. पण डिकीतला तो गंजलेला स्क्रू सोडला, तर या गाडीत कारखान्यातून आलेली प्रत्येक वायर, प्रत्येक सांधा आणि तो स्विचसुद्धा चोपन्न-पंचावन्न वर्षांनी काम करत होता. मेला तो नंतर कुणीतरी घाईत मारलेला सांधा.

दुरुस्तीला जेमतेम तासभर लागला. सगळे काळे तुकडे काढून टाकले. मधल्या भागासाठी २८ धाग्यांची, दोन चौरस मिलिमीटरची पांढरीच वायर घेतली. साडेसतरा अँपिअर निवांत नेते. टोकांना या गाड्यांत असतात तशाच पितळी गोळ्या चढवल्या आणि रबरी म्यानाच्या नव्या जोडणीत बसवल्या. सोल्डर की क्रिम्प यावर लोक एकमेकांचे गळे धरतात. माझ्या मते मापाच्या क्रिम्पने, मापाच्या पकडीने दाबलेलं काहीही चालतं. बिनमापाचं दोन्ही वाईट. निळ्या क्रिम्पची पाकिटं जुन्या गाडीजवळ फिरकू देऊ नयेत, एवढंच माझं ठाम मत आहे.

पंखा आणि वायपर वेगळ्या रिलेवर टाकून किल्लीचा भार कायमचा हलका करू का, असं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "ॲबिंग्डनवाल्यांना जमलं ते आपल्याला का जमू नये?" आकडे बघता त्यांचं बरोबर होतं, मीही आग्रह धरला नाही. एका गोष्टीवर मात्र अडून बसलो. पंपाकडे जाणारी पांढरी वायर फ्यूजशिवाय थेट मागे पेट्रोलच्या टाकीपाशी जाते. तिच्यात १० अँपिअरचा एक फ्यूज घातला. हे मूळ गाडीत नाही, म्हणून शुद्धतावादी नाक मुरडतील. मुरडोत.

परत तोच खेळ: फ्यूज बॉक्स, दोन टोकण्या, झारी, झाडूचा दांडा. ०.१, ०.२, ०.३, ०.३५. चाळीस मिनिटं चालवून ठेवली, शेवटचा आकडा हलला नाही. जोडणीला हात लावला, कोमटही नव्हती. वायपर एवढ्या तडफेने फिरायला लागले की डॉक्टर म्हणाले, "अरे, हे असे फिरतात होय? मला वाटलं जुन्या गाडीचे असेच असतात." गेली सहा-सात वर्षं ते त्या मरगळलेल्या वायपरमधून रस्ता बघत होते.

खरी परीक्षा पावसातच व्हायची होती. डर्बीशरमध्ये त्यासाठी फार थांबावं लागत नाही. नोव्हेंबरातल्या एका मुसळधार रविवारी आम्ही तिघं दोन गाड्यांतून बेकवेलला गेलो. एमजीबी दोघांचीच गाडी, म्हणून मी मागून माझ्या गाडीत, टेस्ट लॅम्प शेजारच्या सीटवर ठेवून. क्रॉमफर्डच्या चढावर मी श्वास रोखला होता. पुढचे ब्रेकचे लाल दिवे ठणठणीत, इंडिकेटर टकटक चालू, आणि गाडी चढ चढून वळणाआड गेली. परतीच्या वाटेवरही थांबली नाही. काकूंच्या वहीत त्या दिवशीची नोंद: पाऊस, सूप बरं, स्कोन शिळे, गाडी चालू.

त्यानंतरच्या हिवाळ्यात गाडी एकदाही बंद पडली नाही. पेट्रोलचा काटा अजून खोटं बोलतो, टाकी अर्धी असताना पाऊण दाखवतो. त्याला स्थिर दहा व्होल्ट देणारा स्टॅबिलायझर बघायचा राहिलाय. या गाड्यांत तो डब्याच्या पत्र्यातूनच अर्थ घेतो, तेव्हा सुरुवात त्याच्या स्क्रूपासून करीन. काढून टाकलेला जुना अल्टर्नेटर मी टेबलावर लावून बघितला, १४.२ व्होल्ट देतो. तो आता डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये फळीवर आहे, जुन्या कॉइलच्या आणि जुन्या पंपाच्या शेजारी, तिघेही निर्दोष.

ते चार आकडे मी तारीख घालून एका चिकटपट्टीवर लिहिले आणि फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत लावायला गेलो, पुढच्या माणसाला तुलनेला असावेत म्हणून. कुठल्या भारावर कुठला आकडा, हेही लिहायचं होतं. डॉक्टर म्हणाले, "मराठीत लिही. म्हणजे इथलं कुठलं गॅरेज परत हात लावणार नाही."

मराठीतच लिहिलं. 'पंखा' पुसट झालंय, परवा परत गिरवलं.